पहाटे चारनंतर मास्क उशाशी: सीपॅप असूनही उत्तररात्र बिघडते तेव्हा

“अवो, परत काढून टाकलाय बघा.”

गेल्या वर्षी आमच्या घरात दिवस या वाक्यानं उजाडायचा. झोपेत घसा मिटून श्वास थांबण्याचा आजार, म्हणजे स्लीप ॲप्निया, मला आहे. त्यासाठी सीपॅप लावतो: मास्कातून दाबानं हवा देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन. मास्क उशाशी पडलेला, मशीन एकटंच फुस्स फुस्स करत हवा सोडतंय आणि मी तोंड उघडं टाकून घोरतोय. मास्क कधी काढला, का काढला, काही म्हणजे काही आठवायचं नाही. रात्री अकराला शहाण्यासारखा मास्क लावून झोपलेला माणूस पहाटे चारला झोपेतच तो ओरबाडून फेकायचा. आठ-दहा दिवस बरे जायचे, वाटायचं सुटलं एकदाचं, की पुन्हा सलग तीन-चार रात्री तेच.

शिवाजी उद्यमनगरात माझं लेथचं छोटं शेड आहे. तरुणपणी तालमीत जायचो, त्याची खूण म्हणून आता १८ इंचांचा गळा तेवढा उरलाय. छाती उतरली, पोट आलं, गळा तसाच. पुरुषाचा गळा १७ इंचांच्या पुढं असला की डॉक्टर घोरण्याबद्दल विचारतातच, आणि गल्लोगल्ली तालीम असलेल्या आपल्या कोल्हापुरात असे गळे काही कमी नाहीत. म्हणून हे सविस्तर लिहितोय. मी डॉक्टर नाही. तीन वर्षं मशीन लावून झोपणारा आणि बिघडलेलं यंत्र उघडून बघितल्याशिवाय चैन न पडणारा माणूस आहे. खाली दाबाचे जे आकडे येतील ते माझ्या गळ्याचे आहेत. तुमच्या मशीनचे आकडे तुमच्या डॉक्टरांना विचारूनच हलवा.

आकडा चांगला, माणूस वाईट

अडचण अशी होती की मशीनच्या मते सगळं झकास होतं. रोज सकाळी पडद्यावर एएचआय ४.२. एएचआय म्हणजे तासाला किती वेळा श्वास किमान १० सेकंद थांबला किंवा बराच उथळ झाला त्याची सरासरी. ५ च्या आत असला तर नॉर्मल, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. मशीन लावण्याआधी माझा ४१ होता. तो ४.२ वर आलाय म्हटल्यावर डॉक्टर खूश, मशीन देणारा खूश. आणि मी दुपारी तीनला फिरत्या चकसमोर डुलक्या देतोय. ज्यानं लेथ चालवलाय त्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. एकदा शर्टाची बाही चकजवळ गेली तेव्हा पोऱ्यानं स्विच मारला म्हणून हात शाबूत आहे.

मग मी मशीनमधलं एसडी कार्ड काढलं. कार्डाच्या कडेला छोटी खिट्टी असते, ती लॉककडे सरकवूनच कॉम्प्युटरला लावा, नाहीतर कॉम्प्युटर त्यात आपल्या फायली घुसडतो आणि मशीन कार्डावर रुसतं. ऑस्कर नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे. भाच्यानं ते टाकून दिलं. त्यात रात्रीचा प्रत्येक श्वास रेघेवर दिसतो.

एका रात्रीचा हिशेब सांगतो. झोप ६ तास, श्वासाचे अडथळे एकूण २५. २५ भागिले ६ म्हणजे ४.२, बरोबर. पण हे २५ पसरलेले नव्हते. अकरा ते साडेतीन या साडेचार तासांत फक्त ६. साडेतीन ते पाच या दीड तासात १९. म्हणजे पहिल्या टप्प्यात तासाला दीडही नाही आणि शेवटच्या टप्प्यात तासाला जवळपास १३. वर त्यातले बरेच अडथळे ३०-४० सेकंदांचे, पहिल्या टप्प्यातले जेमतेम १२-१५ सेकंदांचे.

आपल्याला हे समजावून घ्यायला लांब जायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर गेली की धोका. वर्षभराच्या पातळीची सरासरी काढली तर २०१९ सालीही पूर आलाच नव्हता असं दिसेल. ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना ती सरासरी दाखवून बघा. माझा पूर पहाटे साडेतीनला येत होता आणि मशीन मला सकाळी वर्षाची सरासरी दाखवत होतं.

तेव्हा पहिलं काम हे करा: रात्रीचे तीन भाग पाडा आणि शेवटच्या भागातले अडथळे वेगळे मोजा. एका रात्रीवर जाऊ नका, आठवडाभराचं बघा. शेवटच्या भागातच गर्दी दिसली तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. रात्रभर सारखेच पसरलेले असतील तर तुमचं दुखणं वेगळं आहे.

उत्तररात्रीच का?

झोप म्हणजे एकसलग काळोख नसतो. साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्या असतात, रात्रीत चार-पाच. प्रत्येक फेरीत हलकी झोप, मग गाढ झोप, मग स्वप्नांची झोप. या स्वप्नांच्या झोपेत मिटलेल्या पापण्यांखाली डोळे भराभर फिरतात म्हणून तिला रेम म्हणतात. शिकागोत १९५३ साली ती शास्त्रज्ञांच्या ध्यानात आली. पण फेऱ्या सारख्या वाटणीच्या नसतात. गाढ झोपेचा मोठा हिस्सा पहिल्या दोन फेऱ्यांतच उरकतो. रेम सुरुवातीला पाच-दहा मिनिटं असते आणि पहाटेकडं अर्धा-पाऊण तासापर्यंत लांबते. एकूण झोपेत ती पाव हिश्श्याच्या आसपास, पण त्यातली बहुतेक शेवटच्या तिसऱ्या भागात.

आता गाढ झोपेत श्वास कसा चालतो? बैल मोटेला लागल्यासारखा, एका लयीत. घोरणारा माणूससुद्धा त्या वेळी बऱ्यापैकी सुरक्षित असतो. रेममध्ये उलटं होतं. स्वप्नात आपण धावतो, भांडतो, पण अंथरुणातून उठून धावत नाही, कारण शरीर त्या वेळी हातापायांचे स्नायू ढिले सोडून देतं. त्याच आदेशात जीभ आणि घशाचे स्नायूही ढिले पडतात. चालू राहतो तो छातीखालचा पडदा आणि डोळे. त्यात रक्तात कार्बन डायऑक्साइड साचला की एरवी मेंदू लगेच जोरात श्वास घ्यायला लावतो, तो धाकही या टप्प्यात कमी असतो. म्हणजे घशातली श्वासाची नळी जास्त मिटते, जास्त वेळ मिटलेली राहते आणि शरीर उशिरा हालचाल करतं. पाठीवर झोपलेलं असताना रेम आली तर आणखी वाईट, कारण ढिली जीभ सरळ मागं घसरते.

मला त्या काळात एकच स्वप्न पडायचं. खासबागेत कुस्ती चालू आहे, समोरचा पैलवान छाताडावर बसलाय, गळा दाबतोय आणि मी त्याचा हात हिसडून काढतोय. सकाळी उशाशी मास्क. ज्याचा हात मी हिसडत होतो तो कुणाचा होता हे कळायला मला आठ महिने लागले.

आणि एक गोष्ट. दाब ठरवण्यासाठी माझी जिथं स्लीप स्टडी, म्हणजे तारा लावून रात्रभर झोपेची तपासणी, झाली तिथं मला पहाटे साडेचारला उठवून तारा काढल्या, कारण पुढची शिफ्ट यायची होती. रिपोर्टमध्ये त्या रात्री रेम किती मिळाली ते लिहिलं होतं, मीच वाचलं नव्हतं: ११ मिनिटं, तीही सगळी कुशीवर. दाब नीट ठरला असं म्हणायला पाठीवरच्या झोपेतली रेमही त्यात यावी लागते. घरी बोटाला आणि नाकाला नळ्या लावून जी टेस्ट होते तीत तर बहुतेक वेळा डोक्याला तारा नसतात, म्हणजे कुठला टप्पा कधी होता ते कळतच नाही. तुमचा जुना रिपोर्ट कपाटातून काढा आणि त्यात ‘रेम एएचआय’ आणि ‘सुपाइन’, म्हणजे पाठीवरचा, असे दोन आकडे शोधा. बायकांच्या बाबतीत हे जास्तच बघा. त्यांच्यात अडथळे रेममध्येच एकवटण्याचं प्रमाण जास्त, त्यामुळं सरासरीत त्यांचा आजार दडून राहतो.

मशीनला काय कळतं आणि काय नाही

मला वाटायचं ऑटो मशीन आहे, झोपेप्रमाणं दाब बदलत असेल. नाही. मशीनला मेंदूच्या तारा नाहीत. त्याला झोपेचा टप्पा कळत नाही. कळतो फक्त नळीतला वारा. श्वासाची रेघ चपटी व्हायला लागली, घोरण्याची थरथर आली, श्वास थांबला, की ते दाब वाढवतं. सगळं शांत असलं की हळूहळू खाली आणतं. काही मशीन श्वासाच्या लयीवरून माणूस झोपला की जागा आहे याचा अंदाज घेतात आणि झोप लागल्याचं दिसलं की दाब चढवायला लागतात. पण रेममधला श्वास मुळातच वेडावाकडा असतो, जागेपणीही तसाच. नुसत्या वाऱ्यावरून त्याला भेद करायचा म्हणजे कठीणच. मनगटावरची घड्याळं झोपेचे रंगीत पट्टे दाखवतात तोही अंदाजच. त्यावर दाब ठरवू नका.

माझं मशीन ज्या पट्ट्यात सोडलं होतं तो ५ ते २० सेंटीमीटर पाणी (हवेचा दाब असा मोजतात). म्हणजे जवळपास कारखान्यातून आलं तसंच. बहुतेक ऑटो मशीनची धाव ४ ते २० असते. आलेखावर गोष्ट उघड दिसत होती. एकपासून अडीचपर्यंत गाढ झोप, श्वास रेषेत, म्हणून मशीननं दाब साडेपाच-सहापर्यंत उतरवलेला. तीन-साडेतीनला रेम सुरू. घसा एकदम मिटला, एक अडथळा, दोन, तीन. मशीन चढायला लागलं: सात, आठ, साडेनऊ. अकराला पोचेपर्यंत दहा मिनिटं गेलेली, मी अर्धवट जागा होऊन कूस बदललेली, रेम मोडलेली. शांत झालं म्हणून मशीन पुन्हा खाली. वीस मिनिटांनी रेम परत, आणि मशीन परत पायथ्याशी. तहान लागल्यावर विहीर खणायची, पाणी लागलं की बुजवायची आणि पुन्हा खणायची, असला कारभार.

इलाज साधा निघाला. डॉक्टरांना आलेख नेऊन दाखवले. त्यांनी खालची मर्यादा उचलली. माझ्या रात्रीचा मधला दाब ८.२ आणि ९५ टक्के वेळ ज्याच्या आत भागतं तो ११.६ होता. खालची मर्यादा ५ वरून ७ केली, आठवड्यानं ८, मग ८.६. वरची २० वरून १३. म्हणजे रेम आली तेव्हा मशीन पायथ्याशी नसून निम्म्या चढावर उभं असतं. पहिल्याच आठवड्यात पहाटेचे १९ अडथळे ९-१० वर आले.

खालचा दाब एकदम उचलू नका, अर्ध्या-एक सेंटीमीटरनं उचला आणि प्रत्येक बदलाला पाच-सात रात्री द्या. मी अधाशासारखा एका रात्री स्वतःच १० करून बघितला होता. पोटात हवा भरून सकाळी ढेकरांवर ढेकर, आणि आलेखात नवीनच प्रकारचे अडथळे. त्याबद्दल खाली लिहिलंय.

श्वास सोडताना दाब कमी करण्याची एक सवलत मशीनमध्ये असते, १ ते ३ पर्यंत. सुरुवातीला ती ३ वर ठेवली की फार आराम वाटतो. पण हिशेब करा: दाब ९ असताना सवलत ३ असेल तर श्वास सोडताना घशाला प्रत्यक्षात ६ चाच टेका मिळतो, आणि श्वास सुटून संपतो त्याच क्षणी ढिला घसा मिटायला बघतो. माझी ३ वरून १ केली. दोन दिवस श्वास सोडायला जड गेलं, मग सवय झाली. रॅम्प, म्हणजे झोप लागेपर्यंत दाब हळूहळू चढवायची सोय, ठेवा की. पण पहाटे लघवीला उठून परत पडताना मशीन बंद-चालू केलंत तर रॅम्प पुन्हा तळापासून सुरू होतो आणि नेमका तेव्हा तुम्ही सरळ रेममध्ये शिरता. माझ्या चार वाईट रात्रींमागं हे कारण होतं. ४५ मिनिटांचा रॅम्प १५ वर आणला.

दाब बरोबर, तरी पहाटे मास्क फुरफुरतो

उरलेले ९-१० अडथळे का जात नाहीत, याचं उत्तर दुसऱ्या रेघेत होतं: गळती. मास्कला मुद्दाम ठेवलेली भोकं असतात, सोडलेला श्वास त्यातून जातो. ती गळती धरायची नाही. त्याशिवायची जी चोरटी गळती, ती रेसमेड कंपनीच्या मशीनवर मिनिटाला २४ लिटरच्या पुढं गेली की मोठी समजतात. त्यापुढं मशीनला अडथळे नीट ओळखता येत नाहीत, म्हणजे आकडाही खोटा. माझी गळती रात्रभर ४-५ लिटर आणि साडेतीननंतर ३० च्या वर.

कारण तेच. रेममध्ये जबडा लोंबतो, गाल सैल पडतात. नाकाचा मास्क असेल तर तोंडातून हवा भसाभसा सुटते. ओठ कोरडे, जीभ सकाळी टाळूला चिकटलेली, ही त्याची खूण. त्यात पहाटे दाब सर्वांत जास्त, म्हणजे जो मास्क रात्री अकराला ८ च्या दाबाला घट्ट बसला होता तो ११ ला उचलतो.

म्हणून मास्क बसून, आरशासमोर, मशीन बंद ठेवून कधीच लावू नका. पलंगावर आडवं पडा, ज्या कुशीवर झोपता त्या कुशीवर वळा, मशीनमध्ये ‘मास्क फिट’ चालू करा, म्हणजे ते थोडा वेळ चढा दाब देतं, आणि त्या दाबाला पट्टे लावा. पट्टे आवळण्याचा मोह टाळा. रबरी गादी हवेनं फुगून चेहऱ्याला बसते. आवळली की तिला फुगायला जागाच राहत नाही आणि गळती वाढते. मी नाकावर वळ उठेस्तोवर आवळायचो आणि गळायचंच. सकाळी गादी साध्या साबणानं धुवा; चेहऱ्याचं तेल तिला मऊ करून टाकतं. आमचं काम तेलाग्रीसचं, रात्री तोंड नीट धुतलं नाही तर मास्क पहाटेपर्यंत घसरतोच.

मिशीचा प्रश्न वेगळा. नाकपुड्यांत बसणारा छोटा मास्क सगळ्यात हलका, पण मिशी दाट असेल तर खालून वारा सुटतो. मशीन देणारा म्हणाला, मिशी काढा. मी म्हटलं मशीन घेऊन जा. शेवटी नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क घेतला. तो मिशीवरून जातो आणि जबडा पडला तरी हवा आतच राहते. त्याचा तोटा असा की पट्टा खालून ओढला तर हनुवटी मागं ढकलली जाते आणि जीभही. खालचे पट्टे सैल, वरचे जरा ताठ, असं माझं जमलं. ज्यांना नाकाचाच हवाय त्यांनी हनुवटीचा मऊ पट्टा लावून बघावा. तोंडाला चिकटपट्टी लावायचे व्हिडिओ फिरतात. नाक चोंदणाऱ्या माणसानं त्या नादाला लागू नये.

कुशीवर झोपण्याची सवय मात्र फुकटची आणि गुणाची. जुन्या बनियनच्या पाठीवर खिसा शिवून त्यात रबरी चेंडू घातला. उताणं झालं की टोचतो. हसली सगळी घरात, पण पाठीवरची रेम गेली. आता चेंडू लागत नाही, पाठीमागं लोड ठेवतो.

पहाटेची थंडी, पाणी, लाईट

डिसेंबर-जानेवारीत कोल्हापूरची पहाट गार पडते. ह्युमिडिफायरमधली उबदार ओली हवा थंड नळीत आली की पाणी होतं, नळीत गुळगुळ आवाज येतो आणि चेहऱ्यावर थेंब. झोपेतला माणूस मास्क उपटणार नाही तर काय करेल! मशीन पलंगापेक्षा खाली ठेवा, नळी चादरीखालून घ्या, ओलावा एक-दोन खुणांनी कमी करा. गरम होणारी नळी मिळाली तर उत्तमच. टाकीत रोज नवं डिस्टिल्ड पाणी. नळाच्या पाण्याचे क्षार तळाला बसतात. गळीत हंगामात उसाच्या फडाची राख आणि धूर हवेत असतो, तेव्हा मशीनमागची जाळी दर पंधरा दिवसांनी बघा. नाक चोंदलेलं असेल तर मिठाच्या पाण्याचा स्प्रे झोपण्याआधी.

लाईट गेली तर इन्व्हर्टर साइन वेव्हचा असावा आणि यूपीएस मोडवर. बॅटरी जास्त खातो तो ह्युमिडिफायरचा हीटर. लाईट नसताना ओलावा बंद केला तर मशीन बराच जास्त वेळ चालतं. २०२१ च्या पुरात आमच्याकडं लाईट नव्हती, इन्व्हर्टरही बसला, तेव्हा दोन लोड पाठीला लावून अर्धवट बसून, कुशीला कलून झोपलो. मशीनची सर येत नाही, पण उताणं सपाट पडण्यापेक्षा बरं.

‘क्लिअर एअरवे’ दिसलं तर दाब वाढवू नका

मघाशी म्हटलं ते नवीन अडथळे हे. श्वास दोन कारणांनी थांबतो: नळी मिटली म्हणून, किंवा नळी उघडी आहे पण मेंदूनं श्वासाचा हुकूमच दिला नाही म्हणून. मशीन हवेचे बारीक धक्के देऊन नळी उघडी की बंद ते ताडतं, आणि उघडी असेल तर तो अडथळा ‘क्लिअर एअरवे’ म्हणून वेगळा लिहितं. दाब वाढवून दुसरा प्रकार बरा होत नाही, उलट वाढू शकतो. सीपॅप नव्यानं सुरू केल्यावर काहींना हे होतं आणि बऱ्याच जणांचं काही आठवड्यांत आपोआप कमी होतं.

शिवाय यातले काही खोटेच असतात. कूस बदलताना आपण श्वास धरतो. झोप-जाग यांच्या उंबऱ्यावर श्वास चुकतो. आमचे आबा पण मशीन लावतात. त्यांच्या आलेखात पहाटे पाचनंतर रोज गर्दी. मी घाबरून डॉक्टरांकडं धावणार, तेवढ्यात आईनं सांगितलं, “अरे, पाचला उठून मास्कातच हरिपाठ म्हणत पडलेले असतात.” जागेपणीचा हिशेब मशीनला वेगळा काढता येत नाही. म्हणून अडथळ्यांच्या आधीची पाच मिनिटं मोठी करून बघा. श्वास आधीच वेडावाकडा, मोठमोठे उसासे असतील तर माणूस जागाच असण्याची शक्यता जास्त. रेमची गर्दी असेल तर अडथळे झुबक्यानं येतात, आधीचा झुबका दीडेक तासामागं सापडतो आणि त्यांवर ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह’, म्हणजे नळी मिटल्याचं, असं लिहिलेलं असतं.

हे उघड्या नळीचे अडथळे खरेच असतील, महिना-दोन महिने टिकले, किंवा श्वास लाटेसारखा चढत-उतरत बंद होत असेल, तर हृदयाची तपासणी करून घ्या. त्यासाठी एएसव्ही नावाचं आणखी हुशार मशीन असतं, पण ते कुणाच्या सल्ल्यानं परस्पर घेऊ नका. २०१५ साली आलेल्या सर्व्ह-एचएफ या मोठ्या अभ्यासात, ज्यांच्या हृदयाची पंप करायची ताकद बरीच घटलेली होती अशा रुग्णांत या मशीननं हृदयविकाराचे मृत्यू वाढल्याचं दिसलं. मशीन जितकं हुशार तितकं बरं, हा आम्हा वर्कशॉपवाल्यांचा समज इथं चालत नाही.

अडथळे नाहीत, तरी सकाळी डोकं जड

हे मला माहीत नव्हतं आणि शेजारच्या शेडवाल्यामुळं कळलं. त्याचं वजन ११८ किलो, एएचआय २, गळती नाही, मास्क सकाळपर्यंत जागेवर. तरी उठल्यावर डोकं ठणकतं. त्याच्या डॉक्टरांनी मास्क लावलेला असतानाच रात्रभर बोटाला ऑक्सिमीटर बांधून रेकॉर्ड काढलं. पहाटे ऑक्सिजन ८३ पर्यंत जाऊन वीस-वीस मिनिटं तिथंच. श्वास थांबत नव्हता, उथळ होत होता. रेममध्ये बरगड्यांचे स्नायूही सुट्टीवर जातात आणि एकटा पडदा सगळं ओझं ओढतो. वजन खूप असेल किंवा फुप्फुसं आधीच कमजोर असतील तर तो पुरा पडत नाही. सीपॅपचं एएचआय हे दाखवत नाही. अशा माणसाला श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देणारं बायपॅप लागू शकतं. त्याला ते लागलं. सकाळची डोकेदुखी, पायावर सूज, चांगल्या एएचआयवरही गुंगी, असं असेल तर सेटिंगशी खेळत बसू नका, हे रेकॉर्ड मागा.

दारूबद्दल एकच सांगतो, कारण कुणाला ऐकायचं नसतं. रात्रीची दारू पूर्वरात्री रेम दाबते आणि ती दाबलेली रेम उत्तररात्री उसळून येते, घसा मात्र अजून ढिलाच. झोपेच्या गोळ्यांचंही डॉक्टरांना सांगितल्याशिवाय काही करू नका. आणि नव्यानं मशीन सुरू केलेल्यांनो, पहिल्या काही रात्री भलती रंगीत, लांबलचक स्वप्नं पडली तर भिऊ नका. वर्षानुवर्षं तुटत आलेली रेम थकबाकी वसूल करत असते.

मशीन रात्री निदान ४ तास वापरलं की काम झालं असं बरेच जण धरून चालतात. अमेरिकेत विम्यासाठी तशी अट आहे: ७० टक्के रात्री, ४ तास. ती पैसे देणाऱ्याची अट आहे. अकराला झोपलात आणि तीनला मास्क काढलात तर अट पुरी होते आणि रेमची जवळपास सगळी पहाट मास्कावाचून जाते.

माझी आत्ताची स्थिती: खालचा दाब ८.६, वरचा १३, सवलत १, रॅम्प १५ मिनिटं, नाक-तोंडाचा मास्क. साडेतीननंतरचे अडथळे दोन-तीन. गेल्या दोन महिन्यांत मास्क उशाशी सापडला तो तीनदा. एकदा जळलेल्या फडाची राख नाकात होती. दोनदा जत्रेचं जेवण होतं. रात्री अकराला तांबडा-पांढरा वरपून लगेच आडवा झालो होतो, आणि त्या रात्रींचा आलेख मी अजून डॉक्टरांना दाखवलेला नाही.